बेसीच्या शेवटच्या दोन ओळी

डुगल पिरीला डंडी शहरात कुणी डुगल म्हणत नसे. टीव्हीवरच्या खुनांच्या एका मालिकेत तो वर्षानुवर्षं हवालदार झाला होता आणि दर भागात त्याचं वाक्य एकच, "साहेब, इकडे या." मासळीवाला त्याला पाहिलं की ओरडायचा, "साहेब, इकडे या, ताजा मुडदा आलाय!" डुगल खो खो हसायचा. घरी मात्र ती मालिका लागली की टीव्ही बंद करायचा.

तागाच्या गिरणीत माग चालवणाऱ्या बाईचा हा मुलगा. ग्लासगोला जाऊन नाटक शिकला, व्हॅनमध्ये पडदे कोंबून डोंगराळ भागात गावोगाव खेळ करत हिंडला. एकदा लंडनच्या लोकांनी त्याला सिनेमात घेतलं. अख्खी गल्ली नटूनथटून बघायला गेली. पडद्यावर घोडा दिसला आणि लगाम धरलेला डुगलचा हात दिसला. बाकीचा डुगल कापला होता.

"घोड्यानं मात्र छान काम केलं, मेल्या," बाहेर पडताना त्याची बायको नेटा म्हणाली.

"हात कुणाचा होता पण!" असं म्हणून तो हसला. नेटाला कळत होतं की त्याला किती लागलंय.

पण नाताळ आला की डुगलचं राज्य. नाताळच्या नाटकात पुरुषानं म्हातारीचं सोंग घ्यायचं ही तिथली जुनी रीत. डुगल व्हायचा बेकरीवाली बेसी. ज्यांनी लहानपणी बेसीला टाळ्या दिल्या, ती माणसं पुढे आपली पोरं घेऊन यायची. नेटा त्याच थिएटरात कपडेपटावर होती. बेसीच्या झग्याची पाठीवरची हुकं लावता लावताच दोघांचं जमलं होतं.

या नाटकवाल्यांचा एक नेम होता. शेवटच्या दोन ओळी, प्रेक्षकांना घरी पाठवणाऱ्या, तालमीत कधी म्हणायच्या नाहीत. त्या पहिल्या खेळालाच, भरल्या थिएटरात म्हणायच्या. आधी म्हटल्या तर नाटक मेलंच म्हणून समजा. तालमीत त्या जागी डुगल नुसतं "टरारा टमटम" करायचा आणि चहा प्यायला निघून जायचा.

मग एका शरदात त्याची वाक्यं गळायला लागली. नेटा स्वयंपाकघरात ब्रायडी, म्हणजे तिथली खिम्याची करंजी, गरम करता करता त्याच्याकडून सगळं नाटक घोकून घ्यायची. महिनाभरात सगळं पाठ झालं. राहिल्या त्या दोन ओळी.

"एकदा म्हणून दाखव की रे. इथं कोण ऐकतंय?"

"बये, वेड लागलं का तुला? अपशकुन करतेस?"

"दरवर्षी त्याच तर ओळी आहेत! एकदाच म्हण."

"टरारा टमटम," डुगल म्हणाला आणि ब्रायडी खाऊ लागला. तिनं पुढे जोर केला नाही. त्याच्याइतकाच तिचाही त्या नेमावर विश्वास होता, इलाज नव्हता.

पहिल्या खेळाला बेसीनं छप्पर डोक्यावर घेतलं. शेवटी ती पुढे आली, हात पसरले आणि थांबली. पोरं वाट बघत राहिली. पडद्याआड उभ्या नेटाच्या ओठांवर त्या ओळी आल्या होत्या, पण मोठ्यानं म्हणायचा तिला धीर झाला नाही. बेसीनं इकडेतिकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, "टरारा टमटम!" लोकांना तो विनोद वाटला. टाळ्यांच्या कडकडाटात पडदा पडला. पुढच्या आठवड्यात त्याला गोड बोलून घरी पाठवलं आणि बेसीचा झगा दुसऱ्याच्या मापाचा करून द्यायचं काम नेटावरच आलं. शिवताना ती इतकी रडली, की टाके दिसेनात. डुगलला लाडानं मेल्या म्हणायचं तिनं त्या दिवसापासून सोडलं, तो शब्दही अपशकुनी वाटायला लागला.

ब्रॉटी फेरीला, टे नदीकाठी, म्हाताऱ्यांच्या राहण्याची सोय होती. विसरणं वाढलं तसा डुगल तिथं राहायला गेला. नेटाचं नाव तो विसरला, पण ती खोलीत आली की वळून पाठ करायचा.

"बाई, हुकं लावता का जरा?"

ती त्याच्या लोकरी स्वेटरवर मानेपासून कमरेपर्यंत बोटं फिरवायची. मग तो बेसी व्हायचा, आठवेल तेवढं बोलायचा आणि शेवटी टरारा टमटम. ते ऐकलं की नेटाला हायसं वाटायचं. तालीम चालू आहे तोवर नाटक संपत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती त्याला भेटायला गेली. त्या आठवड्यात त्याचं खाणं सुटलं होतं. शीना नावाची नर्स उशा सारखी करत होती. तो कसाबसा बसला. नेटानं हुकं लावली. त्यानं हात पसरले आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"खेळ संपला, दिवे मालवा, बाहेर गारठा, टोप्या घाला,
हसू तेवढं घरी न्या रे, रडू इथंच ठेवून चला."

शीनानं टाळ्या वाजवल्या. "अगंबाई! आज काय रंगात आलेत!"

नेटा शेजारच्या खुर्चीतच बसून राहिली.

डुगलनं तिच्याकडे जरा रागानंच पाहिलं. "संपलं की! घरी नाही गेलात तुम्ही?"

"नाही गेले, मेल्या," नेटा म्हणाली. "हुकं काढायची राहिलीत ना. वळ बघू."

तो मुकाट्यानं वळला. तिनं मानेपासून सुरुवात केली आणि एकेक हूक सावकाश काढत खाली आली.