डाव्या कुशीवरचं जहाज

आषाढातल्या एका मंगळवारी सुषमा कामावर गेली. दुपारी तिच्या कारखान्यातून फोन आला. संध्याकाळी मी तिला अग्नी दिला.

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचतो. वाचून झालं की मनातल्या मनात प्रत्येकाला एक कारण चिकटवतो – ओल आलेली भिंत, अपुरी झोप, मांजर. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. प्रत्येक पुस्तकाची एक जागा असते, तशी प्रत्येक गोष्टीची असतेच, असं डोक्यात पक्कं बसलेलं. ही एक गोष्ट मात्र कुठल्या कपाटात लावायची ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून इथं ठेवतो आहे. भीतीदायक यात काही नाही. उलट बऱ्याच ठिकाणी आम्ही हसलोच आहोत.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. माझी बायको सुषमा ओझरच्या विमान कारखान्यात तपासणीचं काम करायची. "आयुष्यभर वर जाणाऱ्या वस्तू तपासल्या, आता मला खाली जायचंय," असं ती म्हणायची. खाली म्हणजे समुद्राच्या तळाशी. हवेची टाकी पाठीवर बांधून. शहरातल्या एका पोहण्याच्या तलावात शर्वरी नावाची मुलगी स्कूबाचे धडे देते; सुषमा दर रविवारी तिच्याकडे जायची आणि ओल्या केसांनी, अतिशय भूक लागलेली अशी घरी यायची. आमची मुलगी ईरा पुण्याला नोकरी करते; तिनंही तिथंच असे धडे घेतले होते. थंडीत मायलेकींनी सहलीला जायचं, एवढं ठरलं होतं. कुठं, ते मात्र ठरत नव्हतं. लक्षद्वीपला जाऊन प्रवाळातले मासे बघायचे, की अंदमानला जाऊन एक बुडालेलं मालवाहू जहाज बघायचं?

"अहो, मासे की जहाज?" जेवताना ती विचारायची, पोळी की भाकरी विचारल्यासारखं.

"तुम्ही दोघी काय ते बघा. मी वाचत बसेन."

"तुम्हाला तर शॉवरसुद्धा चालत नाही!"

हे खरं आहे. मी बादलीनं अंघोळ करणारा माणूस. डोक्यावरून पाणी सलग आलं की माझा श्वास अडकतो.

ती गेली त्या संध्याकाळी अमरधाममध्ये पावसात उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशी माझा आवाज गेला. पूर्ण गेला. घशाच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं – स्वरतंतू सुजलेत, बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. मी तसाही कमी बोलणारा, त्यामुळे अर्ध्या पाहुण्यांच्या ते लक्षातही आलं नाही. काही सांगायचं असलं की फोनवर टाइप करून ईराला दाखवायचो.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. गोदावरीला पूर होता, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलेलं, म्हणून विधी वरच्या पायऱ्यांवर चालले होते. पिंड कठड्यावर ठेवले आणि सगळे मागं सरलो. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं मानतात. मग नातेवाईक मोठ्यानं एकेक वचन देतात, आणि नेमकी इच्छा बोलली गेली की कावळा येतो... असं म्हणतात. मी मानत नव्हतो. ईरासुद्धा नाही.

शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर कावळ्यांची मारामारी चाललेली. आमच्याकडे एक फिरकेना.

सुषमाचा धाकटा भाऊ विलास पुढं झाला. विंचूरजवळ त्याची द्राक्षबाग आहे. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. हात जोडून म्हणाला, "ताई, ईराचं लग्न मी धूमधडाक्यात लावीन!"

"मामा," ईरा दबक्या आवाजात म्हणाली, "मला नको असलेलं लग्न आईच्या नावावर खपवू नकोस."

"बरं, ऱ्हायलं. ताई, दाजींकडं मी बघीन! त्यांना दर रविवारी जेवायला घिऊन जाईन!"

कावळे जागचे हलेनात.

"ताई, मागच्या दिवाळीला तुझा डबा आणला होता, तो परत करीन!"

कुणीतरी खुदकन हसलं. सुषमा असती तर तीच हसली असती. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा आला नाही तर तो शिववतात.

तेवढ्यात कुणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज, थोडा नाकातला, शांत. "मी जाईन. तुझ्याऐवजी मी पाण्याखाली जाईन. जहाज डाव्या कुशीवर आहे, ते बघून येईन."

कोण बोललं म्हणून मी उजवीकडे वळून बघितलं. तिथं कुणी नव्हतं. पायऱ्या आणि पाणी. परत समोर बघितलं तर सगळेजण माझ्याकडे बघत होते आणि कठड्यावर कावळा बसलेला होता. त्यानं भाताचा घास घेतला आणि तो उडाला.

"दाजी!" विलासनं मला मिठीच मारली. "आवाज आला की तुमचा!"

मी मान हलवली. मी नाही, असं सांगायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

त्यानंतरचा आठवडा आमचा वादात गेला. ईरा, विलास, गुरुजी, सगळ्यांचं एकच – आवाज तुमचा होता. मी टाइप करून करून दमलो : मी बोललो नाही. माझे ओठ हलताना बघितले का? तर सगळ्यांची नजर कठड्यावर होती, आवाज आल्यावर माझ्याकडे वळली. कुणी शूटिंग केलं होतं का, हे तुम्ही विचाराल. मीही विचारलं. नाही.

ईरा म्हणाली, "बाबा, दुःखात माणूस बोलून जातो, त्याला आठवत नाही."

हे कारण चांगलं होतं. मी स्वतः दुसऱ्या कुणाला हेच दिलं असतं. पण मी तो आवाज *ऐकला* होता. बाहेरून.

विलासला या भानगडीत रस नव्हता. तो फोनवर म्हणाला, "कोण बोललं ते मरू द्या. कावळ्यानं घास घेतला, दाजी. वचन घेतलंय तिनं. आता माघार नाय." मी ईराकरवी कळवलं की जे वचन मी दिलं नाही ते मी पाळणार नाही. पाण्याखाली जाणं तर लांबच, मी कोल्हापूरचा रंकाळा तलावही काठावरून बघून आलेला माणूस. यावर विलासनं नुसतं "बघू" म्हटलं.

माझा आवाज महिन्याभरानं हळूहळू परत आला. डॉक्टर म्हणाले, आधी कसा होता ते ऐकायला मिळालं तर बरं. ईरानं सुषमाच्या फोनमध्ये शोधून मी तिला पाठवलेला एक जुना व्हॉइस मेसेज लावला. "येताना कोथिंबीर आण. आणि लवकर ये."

मी खुर्चीत बसलो होतो, तसाच राहिलो. थोडा नाकातला. शांत.

आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये तो परका वाटतो. हे सगळ्यांनाच माहीत आहे. घाटावर मी ऐकला तो आवाज आतून येणारा नव्हता. तो असा होता – जसा मी दुसऱ्यांना ऐकू येतो. जसा तिला येत असेल.

मग ईराला म्हणालो, "आवाज माझा आहे. म्हणजे वचनही माझंच म्हणायला पाहिजे."

"म्हणजे?"

"शर्वरीला फोन लाव."

त्याआधी विलासनं स्वतःच माझी तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. त्याच्या बागेत मोठं शेततळं आहे, काळं प्लास्टिक अंथरलेलं. निसरड्या उतारावरून बाहेर येता यावं म्हणून चारी बाजूंना दोर आणि ट्यूबा सोडलेल्या. पहिल्याच रविवारी त्यानं मला काठाशी कमरेएवढ्या पाण्यात बसवलं, माझ्या तोंडात ठिबकच्या नळीचं एक टोक दिलं आणि दुसरं काठावर धरून उभा राहिला.

"घ्या श्वास! अख्ख्या बागेला पानी पुरवती ही नळी, तुम्हाला एकट्याला हवा नाय पुरवणार?"

नाही पुरवली. मी तोंड वर काढून खोकत राहिलो आणि विलास नळीत फुंकर मारून ती कुठं तुंबली आहे ते बघत राहिला.

शर्वरीला हे सांगितलं तेव्हा ती आधी ओरडली, मग कपाळाला हात लावून हसली. "काका, लांब नळीतून माणसाला श्वास ओढता येत नाही, तुमचीच सोडलेली हवा परत येते! मामांना माझ्यासमोर आणा." मामा आले, आणि तेही शिकायला उतरले. लहानपणापासून विहिरीत सूर मारणारा माणूस. पण त्याचं पोट त्याला खाली जाऊ देईना. कमरेला वजनं बांधली तरी बूच वर यावं तसा वर यायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "द्राक्षाला एवढं पानी सोसत नाय!"

मला मात्र एक शोध लागला. मला भीती पाण्याची नव्हती, श्वास अडकण्याची होती. इथं श्वास अडकत नव्हता. शिवाय खाली कुणी बोलत नाही. सगळे हातांनी बोलतात – ठीक आहे, वर चला, इकडे बघा. माझ्यासारख्या माणसाला याहून सोयीची जागा नाही. पहिल्यांदा तलावाच्या तळाशी गुडघे टेकून बसलो तेव्हा मला उठावंसं वाटेना.

"काकूंना एकच अडचण यायची," शर्वरी म्हणाली. "त्या खाली हसायच्या. हसलं की गाल वर जातात आणि मास्कमध्ये पाणी शिरतं."

सुषमाचा मास्क मी वापरत होतो. त्यात कधी थेंब शिरला नाही.

सहल ठरवायला बसलो तेव्हा मासे की जहाज हा प्रश्न उरलाच नव्हता. ईरानं आईच्या फोनमधले जहाजाचे फोटो उघडले. अंदमानच्या डायव्हिंगवाल्यांनी पाठवलेले व्हिडिओही होते. आम्ही ते पुन्हापुन्हा बघितले. निळसर अंधारात जहाज तळावर सरळ उभं होतं. डोलकाठी वर, दोन्ही बाजूंना सारखीच वाळू.

"बाबा, हे डाव्या कुशीवर नाहीये."

"नाही."

"मग झालं तर." तिच्या आवाजात सुटका होती. "ते तुझ्याच मनातलं होतं. डाव्या कुशीवर आई झोपायची."

मलाही बरं वाटलं. कारण मिळालं होतं. दुसरं जहाज असेल का, हेही ईरानं विचारून घेतलं. त्या भागात तेवढं एकच.

थंडीत आम्ही तिघं अंदमानला गेलो. तिथं आधी आमचा राहिलेला कोर्स पूर्ण झाला. विलासचे कान दुखायला लागले म्हणून त्याला खाली जायला मनाई झाली, आणि जहाजाच्या दिवशी बोट हलायला लागल्यावर तर तो फळीवर आडवाच झाला. हातात बेदाण्यांची पिशवी. "ताईच्या बागेतले हायेत," असं तो सगळ्यांना सांगत होता. आपल्या बागेला तो ताईची म्हणायचा, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमचा गाइड तिथलाच होता. उतरण्याआधी त्यानं पांढऱ्या पाटीवर चित्र काढून दाखवायला सुरुवात केली. तळाची रेघ काढली. त्यावर जहाज काढलं. आडवं.

ईरा पुढं सरकली. "भैया, फोटो में तो सीधा खड़ा है."

"वो पिछले सीज़न तक, मैडम. बारिश में हम लोग उधर जाते नहीं. सीज़न खुला, नीचे गये तो देखा – गिर गया है. एकदम करवट लेके सोया है."

"कौनसी करवट?" हे विलासनं विचारलं. तो उठून बसला होता.

गाइडनं पाटीकडे बघितलं, मग हात वाकडा करून दाखवला. "लेफ्ट."

ईरानं माझा हात धरला. विलासनं बेदाण्यांची पिशवी उघडली, एक मूठ समुद्रात सोडली, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "जा दाजी. वाट बघतीय ती."

दोरीच्या आधारानं आम्ही उतरलो. निळं गडद होत गेलं आणि मग खाली ते दिसलं. एका कुशीवर, उशीला टेकावं तसं वाळूला टेकून. वरच्या अंगाला नवे शिंपले धरायला लागले होते. पिवळ्या माशांचा एक थवा डोलकाठीच्या सांगाड्यातून आत-बाहेर करत होता. मासे की जहाज... दोन्ही एकाच जागी होते, आणि ती बिचारी वर्षभर ठरवत बसली होती.

मला हसू आलं. आवरेना. आणि मास्कमध्ये पाणी शिरलं.

ईरानं हाताची खूण करून विचारलं, ठीक आहे का? मी शिकवल्याप्रमाणे मास्क वरून दाबून नाकानं हवा सोडली. पाणी निघून गेलं. मी खूण केली, ठीक आहे.

जहाज घाटावरच्या त्या सकाळच्या आधी पडलं की नंतर, हे मी गाइडला खोदून खोदून विचारलं. त्याला माहीत नव्हतं. पावसाळ्यात तिथं कुणी उतरत नाही, त्यामुळे ते कुणालाच माहीत असण्याची शक्यता नाही. स्वरतंतू सुजलेला माणूस एवढी स्पष्ट वाक्यं बोलू शकतो का, हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाही. मग म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी कारणं लावून बघितली. अर्ध्याला एक लागतं, उरलेल्या अर्ध्याला ते बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला पूर्ण बसणारं सापडलं तर जरूर लिहा.

मास्क हॉलमध्ये खुंटीला आहे. सुषमाचा डबा विलासनं परत केला. दर रविवारी मी विंचूरला जातो, जेवतो, आणि शेततळ्यात दोर धरून पोहतो.