काचेवरचं तोंड

माह्या धाकट्या जावंच्या घरी एक मशीन हाये. चार पायाचं, पलंगाहून अरुंद, वरून काच. दांडी ओढून सोडली का लोखंडाची गोळी वर जाते, खांबायले धडकते, घंटी वाजते, दिवे लागते. लोक त्याले टनटन मशीन म्हणत. पयले ते आमचं होतं. माह्या मालकाचं अन माहं.

जत्रायनं पाळणे घेऊन फिरणारा एक बुढा होता. आमचे मालक त्याचं सामान बैलगाडीनं वाहत. बुढ्यानं धंदा बंद केला तवा मशीन मालकायले देऊन टाकलं. म्हणे, याले माह्याहून तूच जास्त जपतं. खोटं नोतं बोल्ला.

मंग कितीक वर्सं आमी ते घेऊन हिंडलो. रिठद, केनवडचा बाजार, मानोऱ्याकडचे तांडे. जत्रंत इंजनवाल्याकून वायर घ्याची अन दिवे लावाचे. मशीन उतरवाले मी, चढवाले मी. दोन मानसाचं वजन. एकदा सातव्या महिन्यात मी त्याचा पाय धरून उचललं. ते लेकरू राह्यलं नाही. पुढच्या बाजाराले पुन्हा उचललं. दुसरं कोण होतं उचलाले?

मशीनच्या डोक्यावर एक काच उभी राहे, चित्राची. पिवळ्या केसाची बाई, लाल झगा, हातात छत्री. मागून दिवे लागले का अशी चमके, का मानसं खेळ सोडून तिच्याकडंच पाहत. मालक सकाळी उठले का पयले तिले पुसत, धोतराच्या मऊ सोग्यानं. मंग बैलायले पाणी. मंग मले म्हणत, च्या हाये काय. माहा लंबर तिसरा हाये, हे मले समजत होतं.

मानोऱ्याकडं एका जत्रंत मालक वायर आणाले गेले. मी मागची फळी काढली अन खुरप्यानं त्या बाईचं तोंड खरडून टाकलं. रंग मागूनच लावलेला, भराभर निंघाला. दिवे लागले त तोंडाच्या जागी निस्ता बलब. लोक हासले, म्हणे बिनतोंडाची बाई आली. मालकायनं माह्याकडं पाह्यलं, मंग खुरप्याकडं. खाली बसून फळी परत लावली. मारलं असतं त बरं झालं असतं.

त्याच वर्साची गोष्ट. धाकट्या देराचं लगन नवंच झालं होतं. सारं गाव म्हणे, धाकटी देखणी हाये. तिच्या डाव्या गालावर तीळ. माह्याही गालावर ठिपका हाये, पण उजव्या, अन तो गोंदणाचा, मायनं सुईनं टोचून घेतलेला. तिचा जल्माचा.

पोळ्याले बैलायच्या शिंगाले लावाचा रंग उरला. मालक ओसरीत काच पालथी घालून तीन दिस बसले. चुकलं का घासलेटनं पुसत, पुन्हा काढत. मले जवळ येऊ देल्लं नाही. चौथ्या दिशी दिवे लागले. केस तेच, पिवळे. तोंड आपल्यावानी सावळं. अन डाव्या गालावर तीळ.

मी पाह्यलं अन भाकरी थापाले गेली. इचारलं नाही. इचारलं असतं त काईतरी उत्तर आलं असतं, अन ते उत्तर घेऊन मले त्याच घरात राहा लागलं असतं.

तवापासून जाऊ पाण्याले निंघाली का मी पाहो, मालक कुठी पाहून राह्यले. ते आपले बैलाकडं पाहत. तरी मी पाहो. तिच्या हातची भाजी त्यायनं पुन्हा मांगली का मी भांडंच उचलून ठेवो. तिचे दोन्ही बाळंतपणं मीच केले. डिंक कुटला, शेक देल्ला, पोरायले तेल लावलं. तोंडानं गोड होती. आतून जळत होती.

सासू गेली अन वाटणी आली. आमच्याकडं थोरला वाटे करते अन धाकटा पयले उचलते. म्हणजे थोरल्याले बेइमानी करता येत नाही. मालकायले असलं काई जमे ना, वाटे मीच लावले. एका बाजूनं छपराचे नवे टीन अन दुधाची बकरी. दुसऱ्या बाजूनं मोडकी गाडी अन मशीन. कोणीही टीन उचलन, असं मले वाटलं. तरी मनात शंका होती. म्हणून वाटे मांडाच्या आधीच मी ते चित्राची काच काढून कोठीमांगं लपवून ठेवली, मालकाच्याच जुन्या धोतरात गुंडाळून.

देरानं बायकोकडं पाह्यलं. तिनं सरळ जाऊन मशीनवर हात ठेवला.

पाहा आता. गळक्या घरात राहणारी बाई टीन सोडते अन मोडकं मशीन घेते. मले पुरावा भेटला. तिले मालूम हाये, ते तोंड तिचं हाये.

मालक गेले. देर गेले. आमी दोघी राह्यलो, मधात एक भित. मशीन तिच्या ओसरीत, त्याच्यावर तुरीचे पोते.

औंदा तिनं अकोल्याचा एक मिस्तरी आणला. तो असे जुने मशीन दुरुस्त करते अन मोठ्या शहरातल्या हाटेलवाल्यायले विकते. आठ दिस बसला तो. उंदरायनं वायर खाल्ले होते, रबर डिंकावानी चिकटलं होतं. त्यानं एकेक खांब काढून घासला, नवे रबर चढवले. अन एका दुपारी मी डाळ पाखडत होती त भितीपलीकडून घंटी वाजली. तेच टनटन. मी सूप ठेवून भितीले कान लावला. एवढे वर्सं मी ते उचललं, अन वाजलं तिच्या घरी.

मिस्तरीनं भाव सांगतला. चित्राची काच असली त दोन म्हशी येतीन येवढे पैसे. नसली त लाकडाच्या भावात.

जाऊ माह्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "बाई, ते काच तुमच्यापाशी हाये."

"कोणं सांगतलं?"

"भासऱ्यायनं. वाटणीच्याच दिशी."

म्हणजे मालकायलेही मालूम होतं, अन ते मले नाही, तिले बोल्ले. पुन्हा आत पेटलं. मी म्हटलं, मंग आतालोक काहून नाही मांगतली? ती म्हणे, मांगतली असती त तुमी म्हटलं असतं, कोणती काच वं? अन हासली. तसंच म्हटलं असतं मी.

काच मीच नेली. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. मिस्तरीनं बसवली, दिवे लावले. मंग त्यानं तोंडापाशी बोट नेलं. म्हणे, हे कोणीतरी घरी काढलं, शिंगाच्या रंगानं. हे खरडून जुन्या बाईचं तोंड पुन्हा काढा लागते, तवा दोन म्हशी.

"खरडा," मी म्हटलं. "तोंड हिचं हाये. तो पाहा डाव्या गालावरचा तीळ."

जिंदगीत पयल्यांदा बोल्ली मी ते. मिस्तरी म्हणे, आजी, काचंवर रंग मागून लावते, पुढून पाह्यलं का उजवं ते डावं होते. नवखा मानूस अठीच चुकते. मले काई समजलं नाही. जाऊ उठली, कुंकवाचा आरसा आणला अन माह्या तोंडासमोर धरला, काचंले लावून. आरशात माहा ठिपका ज्या बाजूनं, काचंवरचा तीळ त्याच बाजूनं.

जिंदगीभर मी आरशात पाहून कुंकू लावलं. पण आरसा अन ते काच शेजारी कवा धरली नोती.

जाऊ म्हणाली, "तुमी चुलीपाशी बसल्या होत्या. भासरे तुमच्याकडं पाहू पाहू काढत होते. मी पाणी भरत होती, तीनही दिस पाह्यलं."

"मंग बोल्ली काहून नाही?"

"कायले बोलू?" ती म्हणे. "माह्यावाल्यानं माह्याकडं असं कवा पाह्यलं नाही. म्हणून त मशीन उचललं. म्हटलं, हे तुमच्या घरात नको."

टीन सोडून पंधरा पावसाळे गळत्या घरात राह्यली ते, येवढ्यासाठी. अन मी समजत होती, जळाचं काम माह्या एकटीचंच हाये.

मिस्तरी घाईवर आला. खरडू का नको? हे तोंड राह्यलं त एकच म्हैस. तोंड माहं, पण मशीन तिचं, अन तिच्यापाशी मी मांगू कशी? जावंनं आरसा पदरानं पुसला.

"खरडू नका," ती म्हणाली. "अन विकतही नाही मी." मंग माह्याकडं न पाहता, "पाहाचं असन त येत जा, बाई. बटन मीच दाबीन."

आता मी रोज जातो. बसाले आली म्हणतो. ती आधी भांडे घासते, अंगण झाडते, मले मुद्दाम बसवून ठेवते. मंग हात पुसते अन बटन दाबते. पिवळ्या केसाखाली माहं तोंड उजळते, तरुणपणचं. मालकायनं इतकं पाह्यलं, अन मी मान वर न करता भाकरीच थापत राह्यली, हे जावंले मालूम होतं अन मले नोतं. ते मले अजूनही खुपते.

परवा ती पदरानं काच पुसू लागली. मी म्हटलं, राहू दे वं, मी पुसतो.

"मशीन माहं हाये," ती म्हणे, अन पुसत राह्यली.