पाटावरच्या रस्त्याची बाटली

आईवडील सोडले तर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार धरणगावच्या सायकलवाल्या नानांचे आहेत. आणि टायर या वस्तूचा नानांइतका मान ठेवणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. मुलीचं स्थळ पाहताना लोक करत नाहीत एवढी चौकशी नाना एक टायर देताना करत. गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला प्रश्न कुठे जातोस हाच, "कथा जास तू?" मग रस्ता डांबरी की कच्चा, वाटेत बाभळी किती, मागे ओझं काय असतं, सगळं विचारून होईपर्यंत टायरला हात लावायची सोय नव्हती. एक गुरुजी एकदा वैतागून म्हणाले, "नाना, मला टायर हवा आहे, सोयरीक नको." नाना शांतपणे म्हणाले, "गुरुजी, सोयरीक चुकनी ते मानूस रडस. टायर चुकना ते मानूस पडस." गुरुजींनी मुकाट्याने बाभळी मोजायला सुरुवात केली.

नानांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, रस्ते राहत. त्यामुळे ते गिऱ्हाइकाला त्याच्या रस्त्यानेच हाक मारत. स्टेशनवाला, मळावाला, जिनिंगवाला. नवे टायर आणायला ते स्वतः धुळ्याला जात. तिथल्या व्यापाऱ्यासमोर बसून प्रत्येक टायर अंगठ्याने दाबत आणि नाकाशी नेऊन वास घेत. वीस पाहून चार पसंत करत. ते चार दुमडून बांधून आणणंही त्यांना मंजूर नव्हतं. "दुमडा का टायरनी कंबर मोडस," म्हणत ते चारही टायर गळ्यात घालून एसटीत चढत. कंडक्टर दर खेपेला विचारी, "काय नाना, आज सत्कार कोठे व्हता?" नाना तिकीट घेत आणि हारांसकट खिडकीशी बसत.

पण त्यांचा खरा नाद होता काट्यांचा. पंक्चर काढताना निघालेला काटा नानांनी कधी फेकला नाही. भिंतीवरच्या फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर रस्त्याचं नाव. ज्या रस्त्याने काटा दिला त्या रस्त्याच्या बाटलीत तो जाई. त्यात 'पाटावरचा रस्ता' ही बाटली जवळजवळ मी एकट्याने भरली. आमच्या गावाहून धरणगावच्या कॉलेजला यायला पाटाच्या कडेकडेने कच्ची वाट होती, आणि दोन्ही बाजूंना बाभळी. तीन वर्षं मी त्या वाटेने आलो. नाना मला पाटवाला म्हणत. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला माझा पुढचा टायर पुलाजवळ फाटला. सायकल ढकलत दुकानाशी पोचलो तेव्हा पेपरला थोडाच वेळ उरला होता. नानांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक काढलं, माझ्या सायकलला बसवलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "पय!" मी पळालो. ते स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला पायी घरी गेले. आमच्या घरातली पहिली पदवी अशी निम्मी नानांच्या चाकावरून आली आहे.

पुढे जळगावला नोकरी लागली. गेल्या वर्षी ऑफिसला जायला मी गिअरची माउंटन बाईक घेतली. तिच्या टायरवर अशा जाड रबरी गाठी होत्या की ट्रॅक्टरने लाजावं. डांबरावर ती भुंग्यासारखी घोंघावे आणि माझा निम्मा जोर त्या आवाजातच जाई. शहरात पळेल आणि कच्च्या वाटेवरही चालेल असा टायर मला हवा होता. तो निवडायचा तर नानांनीच, म्हणून एका रविवारी सकाळी सायकलवरच धरणगावला गेलो. नाना खूप थकले होते. हातात पूर्वीची पकड राहिली नव्हती. मी दिसण्याआधी आवाज ऐकूनच त्यांनी मान वर केली.

"ये रे, जळगाववाला," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी पान्याच्या टोकाने एक गाठ उचकून पाहिली. "इतली मोठी गाठ आपली काळी मातीमा कसाले? वल्ली माती धरस, ते सोडस नही. चाकना लाडू व्हस." मग नेहमीचा प्रश्न आला, "कथा जास तू?"

"रोज ऑफिसला. आणि महिन्यातून दोनदा गावाला, पाटावरून," मी म्हणालो.

नानांनी चष्मा लावला आणि अंगठ्याखालून चाक हळूहळू एक फेरा फिरवलं. नव्या टायरच्या कडेला असतात ते बारीक रबरी धागे अजून शाबूत होते. "मधला भाग घसी गया. कडेले रबरना केस बी नवासारखा शेतस. हाऊ टायर पाटवर कधी गयाच नही, भो." एवढं बोलून त्यांनी फळीवरची माझी बाटली काढून हलवली. "आठे बी, या बाटलीमा, चार सालपाईन नवा काटा पडना नही."

खरं तर नोकरी लागल्यापासून मी दिवाळी-आखाजीलाच गावी जात होतो, तेही एसटीने, आणि दुसऱ्या दिवशी परत. आई दर रविवारी फोन करी आणि मी दर रविवारी काम सांगत असे.

नानांनी दोन टायर काढले. एकाला मधोमध सलग पट्टी आणि कडेला बारीक गाठी होत्या. म्हणजे सरळ रस्त्यावर आवाज नाही, आणि कच्च्यावर वळताना कडा माती धरणार. आत काट्यासाठी जाड थरही होता. दुसरा जवळजवळ गुळगुळीत, निव्वळ शहराचा. मी पहिल्याला हात घातला. नानांनी तो माझ्या हातातून घेऊन परत खिळ्याला टांगला.

"जो रस्ते जास, त्याना टायर ले. हाऊ आठेच ऱ्हाई."

दोन्ही चाकांना गुळगुळीत टायर बसवून मी रागातच निघालो. जळगावपर्यंत सायकलचा जरासुद्धा आवाज झाला नाही. त्यामुळे नानांचं बोलणं वाटभर ऐकू येत राहिलं.

नाना फोन घेत नाहीत. फोनवर टायर दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं.

"ती. नाना यांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही दिलेल्या टायरवर पाटावरून सहा वेळा गावी जाऊन आलो. रिकाम्या हाताने तुमच्या दुकानात यायला मन होईना. तीनदा घसरलो आणि एकदा सायकलसकट पाटात पडलो. वडिलांनी बाहेर काढलं, पण आधी पोटभर हसून घेतलं. आई आता रविवारी फोन करत नाही. मी तिच्यासमोरच जेवायला बसलेला असतो.

सोबत कागदात गुंडाळून एक काटा पाठवतो आहे. पुलाच्या अलीकडच्या बाभळीचा आहे. बाटलीचं झाकण घट्ट झालं असेल तर हाताला त्रास देऊ नका, काटा फळीवरच ठेवा. पुढच्या रविवारी येऊन मी बाटलीत टाकीन. तो टायर खिळ्यावर असेल तर माझ्यासाठी असू द्या.

आपला,
पाटवाला"