थोरलीच्या खोलीतली बैठक

दोघी जावांच्या शेजारशेजारच्या घरांमागे गॅसची विहीर सुरू झाली आणि यंत्राच्या घरघरीने दोघींची झोप उडाली. तक्रार मात्र धाकटीने आधी केली. गावकरी आणि गॅस कंपनीतले तंटे सोडवायला नेमलेले मध्यस्थ तक्रारदाराच्या घरीच बैठक घेत. कंपनीचे साहेब धाकटीकडे बसले, आवाज ऐकला आणि तिच्या घरामागे आवाज अडवणारी भिंत बांधून द्यायचं कबूल करून गेले. गल्लीभर तिचंच कौतुक. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. दुसऱ्याच दिवशी तिनेही तक्रार ठोकली.

बैठकीसाठी तिने खोली नवरीसारखी नटवली. खिडकीकडची पोपडे उडालेली भिंत दिसू नये म्हणून खिडकी लावून जाड पडदे सोडले. धाकटीला मुद्दाम बघायला बोलावलं.

"इथे तर शांत आहे, बाई," साहेब म्हणाले. "तुम्हाला भिंत कशाला?"

पोपडे दिसतील म्हणून थोरलीचा पडदा सरकवायला हात धजेना.

"अहो जाऊबाई, पाहुण्यांना काही ऐकवाल की नाही?" म्हणत धाकटीने पडदा ओढला, खिडकी उघडली. कपबशा थरथरल्या. मध्यस्थांनी तिथल्या तिथे थोरलीचीही भिंत कबूल करून घेतली.

भिंत झाली, घरघर थांबली. थोरलीची झोप मात्र परतली नाही. ती भिंतसुद्धा धाकटीनेच मिळवून दिली होती ना.