ओबदुलियाने आदेश नसताना फोडलेलं पाकीट

ग्वायाकील शहरातल्या त्या सरकारी इस्पितळात डॉक्टर विल्याग्रान यांचा भलताच दरारा. रोग्याच्या हृदयाचं चित्र पडद्यावर उमटायच्या आधीच हात पुढे करून म्हणायचे, "जडकिन्स!" रक्तवाहिनी सरळ असो की वाकडी, बाईची असो की बाप्याची, नळी आपली त्याच आकाराची. खरं तर तुंबलेली वाहिनी मोकळी करायला या नळीतूनच तार आणि फुगा आत सरकवायचा. तिचं टोक रक्तवाहिनीच्या तोंडात घट्ट बसलं नाही तर सगळी कसरत फुकट. पण साहेब मायामीला आठ आठवडे शिकून आलेले. त्यांना कोण सांगणार?

ओबदुलिया मोस्केरा तिथे एकोणीस वर्षं नळ्या हातात देत होती. चित्र बघताक्षणी तिला कळायचं, कुठल्या आकाराची बसेल ते. कळून उपयोग काय? तोंड उघडलं म्हणून दोन नोटिसा मिळालेल्या. तिसरी आली की रवानगी धुलाईखात्यात.

त्या मंगळवारी टेबलावर खेकडे विकणारे म्हातारे हेर्मोखेनेस होते, टक्क जागे. त्यांची उजवी रक्तवाहिनी तोंडाशीच वर चढून मागे वळलेली. फुगा ढकलला की जडकिन्स टुणकन बाहेर. एकदा, दोनदा, तीनदा. नाडी अडतीसवर आली.

"सिस्टर, छातीवर कुणी बसलंय का हो?" म्हातारा कण्हला.

ओबदुलियाला राहवेना. "डॉक्टर, अ‍ॅम्प्लाट्झ नळी देऊ? टेकू चांगला मिळेल."

"मी मागितली?"

"नाही."

"मग गप्प बसा."

मरो ती नोटीस! तिने फर्रकन पाकीट फाडलं आणि नळी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

डॉक्टरांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि खोलीभर ऐकू जाईल असे ओरडले, "अ‍ॅम्प्लाट्झ द्या! किती वेळ लावता?"

नळी घट्ट बसली, फुगा गेला, रक्त धावलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर रंग आला.

दुपारी साहेबांनी दोन कागद काढले. अहवालात लिहिलं, 'अवघड वळण ओळखून आम्ही स्वतःच्या निर्णयाने अ‍ॅम्प्लाट्झ निवडली.' नोटिशीत लिहिलं, 'ओबदुलिया मोस्केरा यांनी आदेश नसताना अ‍ॅम्प्लाट्झचं पाकीट फोडलं.' काय ही विद्वत्ता! दोन्हींखाली तीच झोकदार सही.

नोटीस हातात पडताच ओबदुलियाने फायलीतून अहवाल काढला, दोन्ही कागदांना एकच टाचणी मारली आणि ते थेट संचालकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"बाई, धुलाईखात्यात जायला मी आत्ता तयार आहे," ती म्हणाली. "फक्त यातला खोटा कागद कुठला, तेवढं साहेबांकडून लिहून घ्या."