येडशीच्या चिंचेखालचा मलिदा

शुक्रवार, हनुक्का सणाच्या आधीचा. भर दुपार. हजर: इस्रायलहून आलेली एका सिनेगॉगची मंडळी, सगळी मराठी बोलणारी बेने इस्राएल (मूळचे कोकणातले ज्यू), त्यांचे गटप्रमुख काका, ज्यांच्यासाठी बस येडशीला वळवली त्या मावशी, येडशीची माझी बँकेतली मैत्रीण, आणि मी. धाराशिवात बेने इस्राएल म्हणजे मी एकटीच, त्यामुळे इथली व्यवस्था आपसूक माझ्याकडे आली.

मंडळींचा दौरा पूर्वजांची गावं बघण्याचा. अलिबाग, पुणे झालं होतं, पुढे औरंगाबादला मुक्काम करून वेरूळची लेणी. येडशी कुणाचंच गाव नाही. पण मावशींचे वडील इथल्या छोट्या रेल्वेलाईनीवर गार्ड होते. लहानपणी मावशी स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये तापानं फणफणल्या, तेव्हा त्यांच्या आईनं आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला नवस बोलला: पोर उठली की इथंच, या चिंचेखाली मलिदा करीन. पोर उठली आणि बदलीचा हुकूम आला. मग परदेश. मलिदे तिकडेही झाले, पण हा नाही. आई तो बोल मनात ठेवूनच गेली. आता मावशींचे गुडघे म्हणत होते की पुन्हा येणं व्हायचं नाही.

मी सगळं आखलं होतं. सावलीला खुर्च्या, प्यायला बाटलीबंद पाणी, म्हाताऱ्यांसाठी शौचालयाची सोय. मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "मलिदा तेवढा करून ठेव." तिनं विचारलं, "किती जणांचा?" मी आकडा सांगितला आणि यादीत खूण केली.

सोलापुरात मंडळी चादरींच्या दुकानात शिरली ती निघेनात. बस उशिरा आली तेव्हा माझे पाय सुजले होते आणि फोनवर बोलून बोलून घसा बसला होता. क्वार्टरं केव्हाच पडलेली, चिंच मात्र होती. मैत्रिणीनं पातेल्यावरचं झाकण काढलं. आत कुस्करलेल्या पोळ्या, गूळ, तूप, बडीशेप.

"हे काय?" मी म्हणाले.

"मलिदा! दर्ग्याला करतो तसाच. गूळ बी जास्त घातलाय."

"अगं, पोह्यांचा! भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं."

"पोह्याचा का कुठं मलिदा असतोय व्हय? मॅडम, तसं सांगायचं न्हाय का?"

सांगायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या घरात मलिदा म्हणजे पोहेच. त्याला चूल लागत नाही, त्यामुळे कोणाच्याही घरी केला तरी कोशेर, म्हणजे आमचे खाण्याचे नियम, पाळणाऱ्यांची अडचण होत नाही. हा तर तिच्या स्वयंपाकघरातल्या तव्यावरचा.

काकांनी पातेल्यात पाहिलं, मग घड्याळात. "हा चालायचा नाही. आणि सूर्य मावळून शब्बाथ लागायच्या आत औरंगाबाद गाठायचंय, मग प्रवास बंद. चला."

"पोहे भिजायला कितीसा वेळ? दुकान समोर आहे," मी म्हणाले.

"तेवढासाच वेळ तुम्ही चादरींना दिलात. आता सूर्याला काय सांगू, थांब म्हणून?"

मी तर सकाळपासून येडशीतच होते, चादरी मंडळींनी घेतल्या. पण वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. मंडळी बसकडे वळली. मावशी खुर्चीतून उठल्या नाहीत.

मैत्रीण ओशाळून म्हणाली, "खाला, चुकलं माझं. वाईट वाटून घिऊ नका."

मावशींनी पातेल्यात बोटं घातली आणि घास तोंडात टाकला.

"मावशी, अहो, काय करताय!" काका बसच्या पायरीवरून ओरडले.

"खातेय. दिसत नाही?" त्या सावकाश चावत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बाय, हे मी खाल्लंय. ताप उतरल्यावर शेजारच्या बीबीनं भरवलं होतं. बडीशेप अशीच दाताखाली यायची. तिनंही नवस बोलला असेल गं माझ्यासाठी. तिचं फिटलं तेव्हाच. माझ्या आईचंच राहिलं."

काकांनी बसमधूनच हाक मारली. मी मावशींना दंडाला धरून बसपर्यंत नेलं. पायरीवर त्यांनी माझा हात सोडला नाही.

"तू इथलीच ना? मग तू कर. पोह्यांचा. याच झाडाखाली. आईचं नाव घे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बस गेली. मैत्रिणीनं आणि मी खुर्च्या परत केल्या, बाटल्या गोळा केल्या, पातेल्यातला मलिदा स्टेशनवरच्या हमालांना आणि रिक्षावाल्यांना वाटला. तिनं मला घरी न्यायला थोडा डब्यात भरून दिला. तो मी रात्री जेवणाऐवजी उभ्यानंच खाल्ला.

त्यानंतर बँकेत ऑडिट आलं, मग मार्चअखेर, मग ऊन. मावशी फोनवर मुद्दाम विचारत नाहीत, "चिंच कशी आहे?" एवढंच म्हणतात. मी म्हणते, बरी आहे. पोहे आणून डब्यात ठेवलेत. हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवून घेतलीय. मैत्रीण म्हणते, नारळ मी खवून देते, तुमी फकस्त या. येडशीला जायचं तेवढं राहिलंय.