आत्याला काय आवडतं

आत्या भिंतीकडे तोंड करून निजायची. झोपायची नाही, नुसती निजायची. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत एक माणूस दिवसभर असं आडवं पडलं, की बाकीच्यांना त्याच्या कडेकडेनेच संसार करावा लागतो. आई हातात तापलेली कढई असली तरी वळसा घालून जायची. माणसाला ओलांडू नये म्हणून.

ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा विषमज्वराने गेला आणि सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसकट आमच्याकडे आणून सोडलं. पहिले काही महिने ती रडायची, ते सगळ्यांना समजत होतं. मग रडणं थांबलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. रडण्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलंय, हे लक्षात यायला फार वेळ गेला. पान वाढलं तर दोन घास खायची, आंघोळीला जा म्हटलं तर जायची. आपण होऊन काही म्हणून नाही.

शेवटी वाडीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर घरी आले. नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि स्टुलावर बसून म्हणाले, "शक्तीचं औषध देतो, पण खरं औषध बाटलीत नाही. यांना पूर्वी जे करायला आवडायचं, ते रोज थोडं थोडं करायला लावा. इच्छा होईल मग करतील, अशी वाट बघू नका. आधी करायचं. इच्छा मागाहून येते."

आणि मग त्यांनी विचारलं, "काय आवडायचं यांना?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याला मंगळागौर आवडायची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिला आसपासच्या वाड्यांमधून बोलावणी यायची. फुगडीला तिच्यासमोर कोणी टिकत नसे. ती झिम्मा खेळायला लागली की खालच्या बिऱ्हाडातल्या फळीवरची भांडी वाजायची आणि खालच्या काकू वर बघून नुसत्या हसायच्या. तिला अबोलीची वेणी आवडायची, हातभर हिरव्या बांगड्या आवडायच्या, चैत्रातल्या हळदीकुंकवाची आरास करायला आवडायची. यातलं एकही तिला आता चालणार नव्हतं.

बाबा घसा साफ करून म्हणाले, "वाचन."

आत्याने जन्मात कधी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. पण डॉक्टर खूश झाले.

मग आईने चालण्यासारखं काय काय आहे ते शोधलं. पोथी, कीर्तन, आणि वाती वळणं. विधवा बाईने मरेपर्यंतचा वेळ कसा काढावा याची सोय आपल्या लोकांनी चोख करून ठेवली आहे, त्यालाच आम्ही मन रमवणं म्हणायचो. आई कनवाळू होती, तिच्या मनात पाप नव्हतं. ती रोज दुपारी कापसाची पिशवी फळीवरून काढून आत्याच्या उशाशी ठेवायची, आणि आत्या उठून निमूट वाती वळायची. पुढे कित्येक वर्षं आम्हाला वाती विकत आणाव्या लागल्या नाहीत. वळून झाल्या की ती पुन्हा भिंतीकडे तोंड करायची.

श्रावणात शेजारच्या नव्या सुनेची मंगळागौर झाली. शेजारच्या काकू मुद्दाम येऊन प्रेमाने सांगून गेल्या, "त्यांना म्हणावं, आतल्या खोलीत बसा आणि आम्हाला गाणी सांगा." आत्या बसली आणि तिने गाणी सांगितली. बाहेर पिंगा रंगला तेव्हा लुगड्याखाली तिची पावलं ठेक्यावर हलताना मला दिसली. मी बघतेय हे कळल्यावर तिने पाय पोटाशी घेतले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. एकदा बायकांचा मोर्चा ठरला आणि वाडीत निरोप फिरला, घरटी एक बाई पाहिजे. आमच्याकडे माझ्या धाकट्या भावाला गोवर आलेला, आईचा पाय घरातून निघणं शक्य नव्हतं. रिकामी बाई एकच होती. आईने तिला उठवलं, धुतलेलं पांढरं लुगडं नेसवलं आणि सोबतीला मला धाडलं.

परळ-लालबागकडच्या बायका येऊन मिळाल्या तशी रस्त्यात नुसती गर्दी उसळली. आत्या मान खाली घालून चालत होती. तिच्या शेजारी लालबागच्या चाळीतली एक काष्टा घातलेली धिप्पाड मालवणी बाई होती. ती खेकसली, "काय गो बाये, तोंड उघड मगे!" आणि तिने आत्याचा हात धरून वर केला. आत्याच्या कपाळाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिथे कोणीच कोणाच्या कपाळाकडे पाहत नव्हतं.

पुढच्या घोषणेला आत्या ओरडली, "झालाच पाहिजे!" मी दचकले. हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मग ती ओरडतच राहिली. दोघींचे हात घट्ट गुंफलेले, आणि त्या तशाच चालल्या होत्या.

घरी आली ती घसा बसवून. आमटीभात दुसऱ्यांदा मागून घेतला. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. डॉक्टरांना सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "मग हेच औषध!"

आणि खरंच ते लागू पडलं. मोर्चा, सभा, प्रभातफेरी, काहीही असो, आत्या हजर. बाबा सरकारी कचेरीत कारकून, त्यांना धडकी भरायची, पण त्यांनी तिला कधी अडवलं नाही. ज्या दिवशी काहीच नसे त्या दिवशी ती अजूनही पडून राहायची. पण आता तोंड खोलीकडे असायचं.

मग महाराष्ट्र मिळाला. वाडीभर तोरणं लागली, गॅलरीत पणत्या लागल्या. त्यातल्या वाती आत्यानेच वळलेल्या. तीही हसली, तिनेही पेढा खाल्ला.

दोन-चार दिवसांनी ती सकाळीच आंघोळ करून, ते धुतलेलं लुगडं नेसून दाराशी बसली होती. तिने विचारलं, "आता कधी आहे?"

"काय कधी?" आईने विचारलं.

"मोर्चा."

बाबा मोठ्याने हसले. "अगं, आता मोर्चा कशाला? मिळालं की सगळं!"

"तुला मिळालं, दादा," आत्या म्हणाली. त्यात राग नव्हता. तिने आत जाऊन लुगडं बदललं, त्याची नीट घडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

डॉक्टर चुकले नव्हते. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. आधी करावं, इच्छा मागाहून येते. पण करायला काही शिल्लक तर हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने फळीवरून कापसाची पिशवी काढली आणि तिच्या उशाशी ठेवली. मला ती पिशवी खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटली. आत्या उठून बसली आणि निमूट वाती वळू लागली.